घोडदळाच्या सरकारी तलवारी: बनवायचे कोण, तपासायचे कोण, आणि त्या वाकायच्या का?

गडवाट (प्रश्न)

एका छोट्या संग्रहासाठी दोन तलवारींची नोंद लिहायची आहे. दोन्ही इंग्रजी घोडदळाच्या वळणाच्या आहेत, काळ मात्र वेगळा वाटतो.

पहिली: पाते वाकडे, लांबी पावणेतेहतीस इंच, टोकाकडे किंचित रुंद होत जाणारे. दोन्ही बाजूंना एकेक रुंद पन्हळ. मूठ लोखंडी, बोटांपुढे एकच कमान, रिकिबीच्या आकाराची. पात्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'ऑस्बॉर्न अँड गनबी'. पात्यावर मुठीजवळ मुकुट आणि त्याखाली एक आकडा. म्यान लोखंडी.

दुसरी: मूठ जवळपास तशीच, पण परज (मुठीतला हातात धरायचा भाग) बरीच आखूड. पाठीवर 'मोल, बर्मिंगहॅम'. एक रुंद बाणाची खूण आणि 'आय एस डी' ही अक्षरे. म्यान लाकडी, वर चामडे.

नोंदीत नुसते 'ब्रिटिश तलवार, १९ वे शतक' लिहून भागवायचे नाही. सैन्यासाठी अशा तलवारी हजारोंनी कशा बनत, ठेका कसा दिला जाई, माल कोण तपासत असे? आणि 'इंग्रजी पाती वाकायची, जर्मन चांगली' असे जे सगळीकडे लिहिलेले दिसते त्यात तथ्य किती?

दप्तरी

पहिली तलवार १७९६ च्या हलक्या घोडदळाच्या नमुन्याची आहे. या नमुन्याचे पाते साडेबत्तीस ते तेहतीस इंच असते, तुमचे माप त्यात बसते.

खरेदीचे आधी सांगतो. १७८८ पर्यंत ब्रिटिश घोडदळाच्या तलवारीला सर्वांना लागू असा नमुनाच नव्हता. रेजिमेंटचा कर्नल आपल्या पसंतीने आणि आपल्या खिशाच्या बेताने तलवारी घेई. १७८८ मध्ये जड आणि हलक्या घोडदळासाठी एकेक नमुना ठरला, आणि १७९६ मध्ये दोन्ही बदलले. हलक्या घोडदळाच्या नव्या नमुन्यामागे जॉन गॅस्पर्ड ले मार्शां हा अधिकारी आणि बर्मिंगहॅमचा तलवारवाला हेन्री ऑस्बॉर्न हे दोघे होते. फ्लँडर्सच्या मोहिमेत ले मार्शांने पाहिले होते की स्वार घाईत आपल्याच घोड्याला जखमा करतात. म्हणून तलवारीबरोबर त्याने तलवारीची कवायतही लिहून दिली. तुमच्या पात्यावरचे ऑस्बॉर्न तेच. गनबी हा त्यांचा भागीदार.

'नमुना' म्हणजे कागदावरचे चित्र नव्हे. एक प्रत्यक्ष तलवार मंजूर करून तिला लाखेची मोहर लावत आणि ती सरकारी कोठारात ठेवत. ठेकेदाराचा माल आला की तपासनीस तो त्या मोहरबंद तलवारीशी ताडून पाही. या पद्धतीत बाहेरून दिसणारी मापे चोख जुळतात. पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून आणि बुडवून ते कितपत कडक केले आहे, ते मात्र ताडून कळत नाही. तलवारीच्या खरेदीतला जवळजवळ प्रत्येक घोटाळा या फटीतून शिरलेला आहे.

'जर्मन चांगली, इंग्रजी वाईट' याबद्दल. १७८० च्या दशकात लंडनचे तलवारविक्रेते सरकारकडे जर्मनीतल्या झोलिंगेन या तलवारींच्या गावची पाती करमुक्त आणू द्या म्हणून खटपट करत होते. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलने त्याला हरकत घेतली आणि म्हटले, माझी पाती आणि त्यांची पाती एकाच कसोटीला लावा. पुढे १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला घोडेस्वारांच्या १०,००० तलवारी हव्या होत्या, आणि त्यासाठी इंग्लिश आणि जर्मन अशा अनेक कारागिरांना काम वाटले गेले. कंपनीने ठरवले की प्रत्येक पाते यंत्रावर वाकवूनच घ्यायचे. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने सुचवलेल्या या यंत्रात ३६ इंची पाते इतके वाकवत की टोकापासून मुठीपर्यंतचे सरळ अंतर साडेएकोणतीस इंच राही. सोडल्यावर ते पुन्हा सरळ व्हायला हवे.

गिलची २,६५० पाती स्वीकारली गेली आणि नाकारली गेली फक्त ४. इतर इंग्लिश कारागिरांची २,७०० स्वीकारली आणि १,०८४ नाकारली. देश एक, पोलाद मिळण्याची बाजारपेठ एक, यंत्र एक, आणि तरी हा फरक. त्यामुळे देशावरून निकाल लावणाऱ्या लेखांकडे जरा जपून पाहा. पात्यावर 'गिल्स वॉरंटेड' असे कोरलेले सापडते ते या प्रकरणानंतरच्या मिरवणुकीतले.

पोलादपूरकर

कारखान्याची बाजू मी लिहितो. बर्मिंगहॅममध्ये १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात जी रीत होती तीच धरतो.

पोलाद शेफील्डहून येई, मुशीत वितळवून ओतलेले. एका पट्टीत दोन पाती निघतील अशा बेताने पट्ट्या मागवत आणि मधोमध तोडत. मुठीत जाणारी शेपटी मात्र पोलादाची नसे. ती मऊ लोखंडाची, पात्याच्या खांद्याशी भट्टीत जोडलेली. कारण साधे आहे: वार बसतो तेव्हा सगळा हादरा खांद्याशी येतो. कडक पोलादाची अरुंद शेपटी तिथे तडकते, मऊ लोखंड फार तर वाकते. शिवाय मूठ बसवल्यावर शेपटीचे टोक ठोकून पसरवायचे असते, ते मऊ धातूतच जमते. या जोडात ताव कमी पडला की आत काळी पापडी राहते आणि वरून घासल्यावर जोड अखंड दिसतो. मुठीतून पाते निखळून पडते ते बहुधा इथून.

घडाई एक लोहार आणि एक घणकरी अशी जोडी करी. पट्टी लांबवायची, मग पाठ जाड आणि धार पातळ करत आणायची. धारेकडून ठोकले की ती बाजू लांब होते आणि पाते आपोआप पाठीकडे वाकते. म्हणून सरळ तलवारीची पट्टी आधी उलट्या अंगाने वाकवून घेत. वाकड्या तलवारीत हाच वाक कामी येतो, पण तो जागोजाग सारखा यावा यासाठी ठोके सारख्या अंतरावर पडावे लागतात. पन्हळ छिन्नीने खोदत नाहीत. ऐरणीच्या भोकात गोल डोक्याचा एक साचा बसवायचा, वर तसाच दुसरा धरायचा आणि मध्ये लाल पाते ठेवून वरच्यावर घण मारायचा. दोन्ही बाजूंच्या पन्हळी समोरासमोर आल्या नाहीत तर एका कडेला पाते कागदासारखे पातळ होते. तुमच्या पात्याची पन्हळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सावकाश सरकवत न्या. जाडी बदललेली बोटाला कळते.

जाडीचा उतार ही या तलवारीची खरी करामत. १७९६ च्या चांगल्या पात्याची पाठ मुठीशी साधारण ८ ते ९ मिलिमीटर आणि टोकाच्या अलीकडे २ मिलिमीटरच्या आसपास असते. एवढे रुंद पाते असूनही तलवारीचे वजन किलोच्या आत राहते ते त्यामुळे. आजच्या बहुतेक नकला ५ मिलिमीटरची पट्टी कापून बनवतात, म्हणून त्या हातात घेतल्या की टोकाकडे ओढतात.

पाणी देणे. पाते सर्व लांबीत सारखे लाल व्हावे लागते, आजच्या हिशेबात ७८० ते ८०० अंश. लांब पात्याला सारखा ताव देणे हेच अवघड. लोहार पाते विस्तवातून पुढेमागे ओढत राही, कारण पातळ टोक आधी तापते. टोक पांढुरके होईपर्यंत वाट पाहिली की तिथला दाणा मोठा होतो आणि तो भाग पुढे काचेगत तुटतो. पाण्यात बुडवले तर कडकपणा जास्त पण तडा जाण्याची भीती. तेलात ती भीती कमी. बुडवताना पाते तिरके गेले की एक बाजू आधी आकसते आणि पाते पिळवटते.

या अवस्थेत पाते कानशीला दाद देत नाही आणि दगडावर आपटले तर तुकडे होतात. मग पुन्हा मंद ताव. पृष्ठभागावर आधी पिवळट रंग, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. तलवार निळ्यावर आणतात. सुरी पिवळ्यावर थांबवली तरी चालते, तिला वार झेलायचा नसतो. पाते गरम असतानाच पीळ काढून सरळ करायचे, थंड झाल्यावर नाही.

मग घसाई, आणि तिथे बराच माल वाया जातो. दगडाची प्रचंड चाके पाण्यात फिरत असत. पन्हळीसाठी अरुंद, फुगीर कडेची चाके वेगळी. घासणारा अंगाचा भार देऊन पाते दाबतो. चाकावर पाणी कमी पडले तर धारेवर निळा डाग उमटतो, म्हणजे तिथला कडकपणा उतरला. तो डाग पुढच्या घासणीत पुसला जातो, मऊपणा राहतो. उंचवटे घासून गेले की आतला ताण मोकळा होऊन पाते पुन्हा वाकते, म्हणून घसाईनंतर परत सरळ करावे लागते. चांगला कारखाना त्यानंतर पुन्हा एकदा हलका ताव देई. घाईच्या ठेक्यात वगळली जाण्याची पहिली पायरी हीच, कारण ती वगळल्याचे डोळ्याला दिसत नाही. शेवटी चामडे चढवलेल्या चाकावर कुरुंदाची भुकटी आणि तेल.

मुठीचे काम वेगळ्या माणसाचे, म्यानाचे आणखी वेगळ्या. लाकडी परज, वर दोरी गुंडाळून चामडे. पाठीमागे लोखंडी पट्टी, तिचे दोन कान परजेच्या दोन्ही बाजूंना येतात आणि आरपार रिव्हेट त्यांना शेपटीशी बांधतो. लोखंडी म्यान पत्रा वळवून, सांध्याला पितळी डाक देऊन करत.

कोल्हापुरी

हे सगळे ठीक, पण आपल्याकडच्या वुट्झ पोलादापुढे (दक्षिणेत मुशीत बनणारे जुने नामांकित पोलाद) ही बर्मिंगहॅमची पाती म्हणजे पत्राच. कंपनीला इथे पोलाद मिळत असताना तिकडून १०,००० तलवारी आणायची गरजच काय होती?

पोलादपूरकर

कोल्हापुरी, पोलाद उत्तम होते यात वाद नाही. पण वुट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. ते लाल तावावर आणि बेताच्या घणाने घडवावे लागते, जास्त तापवले की घणाखाली चुरते. एक लोहार एक तलवार जपून घडवतो तेव्हा हे परवडते. ठेक्यात हवे असते ते दहा हजार पात्यांत एकसारखे वागणारे पोलाद, जे सामान्य कारागिरालाही सांभाळता येईल. ०.७ ते ०.८ टक्के कार्बनचे पोलाद त्या कामाला बरे. त्यात वुट्झच्या पुष्कळ तलवारी धारेला फार छान आणि वाकवण्याच्या यंत्रावर फार वाईट ठरल्या असत्या. रशियातल्या झ्लातौस्तला हेच दिसते. तिथे १८१५ मध्ये झोलिंगेनचे कारागीर नेऊन कारखाना काढला. पुढे तिथलेच धातुतज्ज्ञ अनोसोव्ह यांनी वुट्झच्या जातीचे बुलात पोलाद साधले. पण साध्या स्वाराच्या कमरेला साधेच पोलाद राहिले.

शिकलगार

तपासणी आणि वाकण्याचे कारण यावर लिहितो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते.

पाते किती जोराने वाकते हे पाणी देण्यावर अवलंबून नाही. कडक केलेले आणि मऊ ठेवलेले एकाच मापाचे पाते सारख्याच जोराला सारखेच वाकेल. ताठपणा येतो आकारातून, आणि आडव्या अंगाने तो जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ४ मिलिमीटरचे पाते घासणाऱ्याने साडेतीन केले की ताठपणा एक तृतीयांशाने गेला. पाणी ठरवते ते एवढेच की सोडल्यावर पाते परत येईल की वाकलेलेच राहील.

कंपनीच्या यंत्राचे आकडे घेऊन हिशेब मांडता येतो. ३६ इंची पाते साडेएकोणतीसवर आणले आणि वाक सगळीकडे सारखा धरला तर त्या कमानीची त्रिज्या सुमारे १७ इंच येते. ४ मिलिमीटर जाडीला बाहेरचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा टक्का ताणला जातो. निळ्यावर आणलेले पोलाद अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक ताणून परत येते. पाणी न दिलेले पाव टक्क्याच्या आतच कायमचे वाकते. म्हणजे कसोटी अगदी मोक्याच्या जागी बेतलेली आहे: मऊ पाते वाकलेले राहणार, काचेसारखे पाते तुटणार, बरोबर केलेले जेमतेम निभावणार. ८ मिलिमीटरच्या बुडाला एवढा वाक झेपणारच नाही, म्हणून सगळा वाक टोकाकडच्या निम्म्यात जातो आणि तिथली जाडी कमीच असावी लागते. वर लिहिलेला जाडीचा उतार नसेल तर पाते या यंत्रावर पास होऊच शकत नाही.

वाकवण्याने खांद्याचा जोड तपासला जात नाही. त्यासाठी पाते सपाट अंगाने ओंडक्यावर, मग धारेने आणि पाठीने जोरात मारत. गिल सपाट अंगाने ओतीव लोखंडावर आणि धारेने मऊ लोखंडावर मारून पाही असे सांगतात. धारेचा लचका उडाला तर पाणी जास्त, धार दबली तर कमी, आणि मूठ खुळखुळली तर शेपटीचे टोक नीट पसरलेले नाही. पुढे लंडनचा तलवारवाला हेन्री विल्किन्सन याने माणसाच्या हाताऐवजी ठरलेल्या जोराने वार करणारे यंत्र केले. त्याच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींवर पात्यात बसवलेली पितळी टिकली दिसते, ती त्या कसोटीची. १८५४ पासून त्यांवर क्रमांकही आहेत.

१८८४-८५ च्या सुदान मोहिमेत संगिनी आणि तलवारी वाकल्याच्या तक्रारी पार्लमेंटपर्यंत गेल्या आणि १८८७ मध्ये चौकशी झाली. त्या काळात ब्रिटिश सरकार झोलिंगेनकडूनही मोठ्या संख्येने तलवारी घेत होते, कारण घरच्या दोनतीन कारखान्यांची कुवत अपुरी होती. वर्तमानपत्रांना 'परदेशी माल' हे कारण सोयीचे पडले. घासून पातळ झालेले पाते, कमी पडलेला ताव आणि नावापुरती तपासणी ही त्रयी कुठल्याही देशात तोच निकाल देते.

आता खुणा. मुकुट आणि खाली आकडा ही तपासनिसाची खूण: माल पाहिला आणि घेतला. रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. पात्यावर फुली दिसली तर ती वाकवून पाहिल्याची. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर तलवार सैन्यातून काढून विकलेली आहे. ही शेवटची खूण नीट शोधा, घासलेल्या पात्यावर अर्धीच राहते.

गडवाट

फार उपयोगाचे. मग 'आय एस डी' आणि लाकडी म्यान? आणि हिंदुस्थानातल्या स्वाराला तलवार सरकार देत असे की तो स्वतः आणत असे?

दप्तरी

'आय एस डी' म्हणजे इंडिया स्टोअर डिपार्टमेंट, हिंदुस्थान सरकारसाठी विलायतेत खरेदी करणारे खाते. रॉबर्ट मोल हा त्यांचा बर्मिंगहॅममधला जुना पुरवठादार. हा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर विल्किन्सनमध्ये विलीन झाला, म्हणजे तुमच्या तलवारीची अलीकडची मर्यादा तिथे येते. पाठीवर किंवा मुठीजवळ वर्ष असेल तर तेच धरा. रिकीब-मूठ दिसली म्हणून १७९६ समजू नका. ही मूठ हिंदुस्थानी रिसाल्यांना (घोडदळाच्या पलटणींना) आवडली आणि विलायतेत ती मागे पडल्यावरही इथल्यासाठी बनत राहिली. आखूड परज ही त्याच मागणीची खूण.

तलवार कोण देई याचे उत्तर शिलेदार आणि बारगीर या आपल्या जुन्या भेदात आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा, बारगीर धन्याच्या घोड्यावर बसणारा. इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळात हीच व्यवस्था उचलली. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चाने उभे केलेले पूना हॉर्स हे इकडचे ठळक उदाहरण. पुढे बहुतेक रिसाल्यांत स्वार भरती होताना असामीची, म्हणजे आपल्या जागेची, रक्कम भरी, आणि घोडा, खोगीर, कपडे, तलवार हे रिसाल्याच्या निधीतून येई. सरकार बंदूक देई. १९१४ च्या सुमारास ३९ रिसाल्यांपैकी मद्रासचे तीन सोडले तर जवळजवळ सगळे शिलेदारी होते.

याचा अर्थ तलवारीचा ठेका देणारा रिसाल्याचा कमांडंट. तो मोलला किंवा विल्किन्सनला परस्पर पत्र लिही: मूठ अशी, पाते असे, संख्या एवढी. म्हणून हिंदुस्थानी घोडदळाच्या तलवारी एका साच्यात बसत नाहीत. तीन पट्ट्यांची मूठ, रिकीब-मूठ, वाकडे पाते, जवळजवळ सरळ पाते, सगळे एकाच काळात सापडते. पात्यावर फक्त कारखान्याचे नाव आणि रिसाल्याचा क्रमांक असेल तर अशी परस्पर खरेदी असण्याचा संभव जास्त. बाण आणि 'आय एस डी' असेल तर सरकारी भांडारातून आलेली. तुमची दुसरी त्यातली.

या पद्धतीत रिसाल्याला जे वापरायचे तेच तो मागवी, हा फायदा. तोटा महायुद्धात कळला. फ्रान्स आणि मेसोपोटेमियात घोडे आणि सामान इतक्या वेगाने खपू लागले की निधी आणि परस्पर पत्रव्यवहार दोन्ही कोलमडले. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी बंद झाली. तोपर्यंत १९०८ चा नमुना आलाच होता, ३५ इंची सरळ पाते, भोसकण्यासाठी, मुठीपुढे हात झाकणारे वाटीसारखे कवच असलेले. त्याचीही आखूड परजेची हिंदुस्थानी आवृत्ती निघाली आणि तिच्यावर 'आय पी' (इंडियन पॅटर्न) अशी अक्षरे असतात.

शिकलगार

लाकडी म्यानाचे कारण धार. लोखंडी म्यानात पाते प्रत्येक पावलाला खडखडते, आणि काढताघालताना तोंडाच्या कडेवर धार घासते. दौडत जाणाऱ्या स्वाराची तलवार आठवड्यात बोथट होते, मग तिला पाणी कितीही चांगले दिलेले असो. लुई नोलन हा घोडदळाचा अधिकारी, पुढे १८५४ मध्ये बॅलाक्लाव्हाला पडला तो, निजामाच्या स्वारांबद्दल लिहून गेला आहे. त्यांनी केलेल्या जखमा पाहून त्याने तलवारी कसल्या म्हणून चौकशी केली, तर ती इंग्रज ड्रॅगूनांची (घोडदळातल्या शिपायांची) जुनी, टाकाऊ ठरवलेली पाती निघाली. फरक इतकाच की धार वस्तऱ्यासारखी लावलेली, म्यान लाकडी, आणि लढाई सोडून तलवार म्यानाबाहेर काढायची नाही असा शिरस्ता. कवायतीत, पहाऱ्यात, सलामीत तलवार उपसायची म्हटली की धार गेलीच.

तुमच्या लाकडी म्यानाचे चामडे सुकून आकसले असेल तर त्याला तेल पाजू नका, शिवण उसवते. आणि पाते म्यानात ठेवू नका. जुन्या चामड्यातले आम्ल आणि पावसाळी हवा मिळून पाते आतून गंजवतात, बाहेरून काही दिसत नाही.

ऐरण

फ्रान्समध्ये ठेकेदाराऐवजी सरकारी देखरेखीचा कारखाना ही रीत होती. आल्सेसमधले क्लिंगेन्टाल १७३० चे, पुढे सरहद्दीपासून दूर म्हणून काम शातेलरोला नेले. तिथल्या पात्यांच्या पाठीवर कारखान्याचे नाव, महिना आणि वर्ष कोरलेले असते, आणि बुडाशी तपासणाऱ्यांच्या मोहरा. संग्राहकाचे काम निम्मे तिथेच संपते. अमेरिकेने १८४० चा नमुना फ्रेंचांच्या १८२२ च्या नमुन्यावरून घेतला आणि मॅसॅच्युसेट्सच्या एम्स कंपनीकडून बनवून घेतला. १८६१ मध्ये यादवी पेटल्यावर मात्र एम्स पुरेना, तेव्हा मॅन्सफील्ड अँड लॅम्ब, रोबी, एमर्सन अँड सिल्व्हर असे नवे ठेकेदार धरले आणि शिवाय झोलिंगेनहून आयात केली.

एक सावधगिरी महाराष्ट्रातल्या संग्रहांसाठी. आपल्याकडे युरोपी पाते आणि देशी मूठ ही जुनी जोडी आहे, फिरंग म्हणतात ती. किनाऱ्यावर उतरलेल्या पात्यांना इथे मुठी चढत. युरोपी पात्याला भाव होता, म्हणून इथले कारागीर त्यांच्या खुणाही उठवत. जिनोआची समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरींची खूण तर सर्रास नकललेली सापडते. खूण आहे म्हणून पाते तिकडचेच, असे नोंदीत लिहू नका. पन्हळीची सफाई आणि जाडीचा उतार आधी पाहा.

गडवाट

जाडी कुठे कुठे मोजायची? आणि शेपटी पाहण्यासाठी मूठ उघडली तर चालेल का?

पोलादपूरकर

मूठ उघडू नका. शेपटीचे पसरवलेले टोक एकदा घासले की तेवढी लांबी कायमची जाते आणि मूठ पुन्हा घट्ट बसत नाही. परजेवरचे चामडे तर हमखास फाटते. शेपटी कशी आहे ते बाहेरूनही बरेच कळते. परजेच्या दोन्ही बाजूंना रिव्हेट आणि मध्ये पोलादाची कड सर्व लांबीत दिसत असेल तर ती परजेच्या रुंदीची शेपटी, स्वारांच्या सरकारी तलवारींत १८५३ च्या नमुन्यापासून आलेली. कड दिसत नसेल आणि डोक्यावर ठोकलेले बोंड असेल तर अरुंद शेपटी.

जाडी पाठीवर मोजा, कॅलिपरने: कवचाला लागून, मग दर सहा इंचांवर, आणि शेवटचे माप टोकापासून दोन इंच अलीकडे. रुंदी त्याच जागांवर. पाते सरळ रेषेत मोजा, कवचापासून टोकापर्यंत, वाकाबरोबर टेप फिरवून नव्हे, कारण जुन्या नमुन्यांची मापे सरळ रेषेतली आहेत. वजन म्यानाशिवाय. तोल कुठे येतो ते कवचापासून किती इंच असे लिहा. खुणांचे फोटो तिरप्या उजेडात काढा आणि त्याआधी पात्याला पॉलिश पेपर लावू नका. मुकुटाखालचा आकडा आणि समोरासमोरचे बाण केसाइतके खोल असतात, दोन हात फिरले की गेले. तेलाचा बोळा आणि मऊ कापड, एवढ्यानेच काय निघेल ते.